उजवीकडची घाई

वहिनींनी रेडिओ मागितला तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण वहिनी कधी कोणाकडे काही मागत नाहीत, आणि अशा माणसाने एकदा तोंड उघडलं की आपल्याला नाही म्हणायला तोंड उरत नाही.

मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. हॉर्न, दिवे, इंडिकेटर, सेल्फ. तीन वर्षांपूर्वी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अपघातात गेला. चेपलेली गाडी भंगारात गेली, तिच्यातून मी फक्त रेडिओ काढून आणला. का, ते विचारू नका. गाडीकडे बघवत नव्हतं आणि रिकाम्या हाताने परत यावंसंही वाटत नव्हतं. तेव्हापासून तो फडक्यात गुंडाळून दुकानातल्या टेबलाखाली पडला होता. वहिनी घरी शिलाईकाम करतात. मशीनवर बसल्यावर कानावर काहीतरी पडत राहिलेलं बरं, ह्यांचा रेडिओ तुमच्याकडे आहेच तर तोच एखाद्या पेटीत बसवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काम सोपं होतं. गाडीच्या रेडिओला बारा व्होल्ट लागतात. एक वायर कायम चालू राहणारी, एक किल्लीवर चालणारी. त्या दोन्ही एकत्र करून मी एका फ्यूजमधून बॅटरीला जोडल्या, काळी वायर निगेटिव्हला. रेडिओचा आवाज वयाने बसला होता, म्हणून त्याच्यापुढे तळहाताएवढा अ‍ॅम्प्लिफायर टाकला, त्यालाही वीज त्याच फ्यूजमधून दिली, आणि दोन स्पीकर सुताराने करून दिलेल्या पेटीत बसवले. एकेक सांधा निगुतीने सोल्डर केला.

दादाच्या गाडीत हाच रेडिओ बसवताना मी एवढे कष्ट घेतले नव्हते. तेव्हा हाताला लागेल त्या स्क्रूवरून अर्थिंग घेऊन मोकळा झालो होतो. त्यामुळे गाडी चालू झाली की इंजिनाची बारीक शीळ रेडिओत यायची, आणि इंडिकेटर लावला की त्याची टकटकसुद्धा. दादा म्हणायचा, लोकांचे रेडिओ गातात, माझा कण्हतो. उजवीकडचा इंडिकेटर तर दुप्पट वेगाने टकटक करायचा. "उजवीकडे वळायचं म्हटलं की हिला घाई होते," असं म्हणून तो शेजारी बसलेल्या वहिनींना हसवायचा. बघ जरा काय झालंय, असं मला दोनदा म्हणाला. मी म्हणालो, उद्या. घरचं काम, तेही फुकटचं, ते कायम उद्यावरच असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मंगळवारी दुपारी मी फ्यूज बसवला. रेडिओची काच नारिंगी उजळली. स्टेशन मात्र लागलं नाही. स्पीकरमधून बारीक शीळ यायला लागली, तीच जुनी, आणि मी सवयीने स्वतःलाच एक शिवी हासडून अर्थिंगची वायर हलवून पाहिली.

मग हात थांबला. इंजिनाची शीळ यायची तर इंजिन हवं. टेबलावर एक बॅटरी होती, बस. दुकानात गाडी नव्हती, बाहेरच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी बॅटरी बदलली. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. शीळ तशीच. ती चढत गेली, तुटली, खालून पुन्हा सुरू झाली आणि परत चढली. पहिला गिअर, दुसरा गिअर. दुसऱ्यात इंजिन रडकुंडीला येईपर्यंत ताणलेलं, मग कुठे तिसरा. असा गिअर टाकणारा एकच माणूस मला माहीत होता. त्यावरून मी त्याला जन्मभर बोललो होतो.

मी स्टुलावर बसलो. दादाच्या गल्लीचं टोक आलं. शाळेपुढचे तीन स्पीडब्रेकर आले, प्रत्येकाला शीळ खाली बसून पुन्हा उठत होती. मग पुलाचा चढ. त्याच्या घरापासून माझं दुकान अकरा मिनिटांवर आहे, तो सगळा रस्ता मी डोळे मिटून ओळखत होतो. कोणाचा आवाज नाही, खोकला नाही, नुसती गाडी चाललेली. कोणी बोललं असतं तर मला कमी भीती वाटली असती.

पूल उतरला की तिठा लागतो. सरळ गेलं की हायवे, उजवीकडे वळलं की माझं दुकान. दादा त्या तिठ्यावरच गेला. त्या सकाळी नवरा-बायकोचं कशावरून तरी वाजलं होतं आणि रागाच्या भरात वहिनी बोलून गेल्या होत्या, तुम्ही नसलात तरी माझं काही अडणार नाही. संसारात अशी वाक्यं छप्पन्न वेळा बोलली जातात. ह्या वेळी तासाभरात फोन आला. मागून ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर पोलिसांना रडत रडत सांगत होता की गाडी सरळ चालली होती, सिग्नल दिला नाही, काही नाही, एकाएकी माझ्यापुढे आडवी आली. लोकांनी काय तो हिशोब केला. वळायचं असतं तर सिग्नल दिला असता. वहिनींच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण मागे बोललेलं पुढे पोचतंच. तेराव्या दिवसानंतर नव्हे, चांगल्या वर्षभराने त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "माझ्या बोलण्यामुळेच ना, भाऊजी?" मी म्हणालो होतो, कोण जाणे.

रेडिओतली शीळ उतरली. गाडी हळू झाली. आणि टकटक सुरू झाली, घाईघाईची, दुप्पट वेगाची. उजवीकडची. ती वीसेक वेळा झाली असेल, मग शीळ आणि टकटक दोन्ही एका क्षणात बंद. मिनिटभर काहीच नाही. मग स्टेशन लागलं आणि एक बाई कपड्यांवरचे डाग कसे घालवावेत ते सांगू लागली.

आता खरं काय ते सांगतो. इंडिकेटर घाईने वाजतो तेव्हा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. हे माझ्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दादाच्या गाडीचा मागचा उजवा बल्ब दोन महिने गेलेला होता आणि ते मला माहीत होतं. चालवणाऱ्याला टकटक ऐकू येते, त्याला वाटतं सिग्नल दिला. मागच्याला काहीच दिसत नाही. ट्रकवाल्याची जबानी ऐकली तेव्हा मला आधी तो बल्बच आठवला होता. पण गाडीची उजवी बाजू पार चपटी झाली होती, कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादा सरळच चालला होता आणि जाणूनबुजून आडवा आला, असं मानलं की बल्बचा प्रश्नच उरत नव्हता. मी निर्दोष राहायचं तर दादाने जीव दिलेला असणं भाग होतं. मी ते खुशाल मानू दिलं. वहिनींनाही.

रेडिओ जळला म्हणून सांगायचं आणि पेटीत दुसरा बसवून द्यायचा, असं मी ठरवलं. फ्यूज काढून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाही होता. तेवढ्यात वहिनी आल्या. पेटीसाठी त्यांनी उरल्यासुरल्या कापडाचं कव्हर शिवून आणलं होतं. पेटी पाहिलीसुद्धा नव्हती, पण कव्हर बेतून शिवल्यासारखं बसलं, पुढे बटणांसाठी खिडकीही होती. मला त्या खिडकीकडे बघून स्वतःची लाज वाटली. मी त्यांना बसायला सांगितलं आणि फ्यूज पुन्हा बसवला.

दुसऱ्या गिअरलाच त्यांनी ओळखलं. खुर्ची पेटीजवळ ओढून घेतली. शाळा गेली, पूल गेला. टकटक सुरू झाली तशी त्या ताठ झाल्या.

"उजवीकडे," त्या म्हणाल्या. "हिला घाई झाली. भाऊजी, हे वळत होते. तुमच्याकडे येत होते हो."

त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. तीन वर्षं मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आवाज थांबला, त्यांनी कव्हराच्याच टोकाने डोळे पुसले. पण शिवणारं माणूस, सुटलेला धागा नजरेतून सुटत नाही.

"मग तो ट्रकवाला खोटं का बोलला?"

"खोटं नाही बोलला, वहिनी," मी म्हणालो. "मागचा बल्ब गेला होता. मला माहीत होतं. मी बदलला नाही."

वहिनींनी हातातलं कव्हराचं टोक सोडलं.

"किती वेळाचं काम असतं ते?"

"पाच मिनिटांचं."

त्यांनी पेटीवरचं कव्हर काढलं. दुहेरी घडी घातली, मग चौपदरी, आणि पिशवीत ठेवलं. तेव्हा टकटक पुन्हा सुरू झाली. ह्या वेळी सोबत इंजिन नव्हतं. चेपलेल्या गाडीत कोणीतरी बॅटरीची वायर तोडेपर्यंत ती अशीच वाजत राहिली असणार, घाईघाईने, कोणाला न दिसता.

वहिनींनी पिशवी खांद्याला लावली.

"बंद करा ते, भाऊजी."

मी मूठ उघडून दाखवली. त्यांनी ट्रकवाल्याचं विचारलं तेव्हाच मी फ्यूज काढून घेतला होता.