पत्र्यावर वाळलेल्या बिया

अड्डाईने पोत्यातून कोकोची एक बी उचलली आणि सुरीने उभी चिरली. वरून तपकिरी, खडखडीत. आतून ओलसर, जांभळी. खरेदी केंद्रात कित्येक वर्षं काढलेल्या त्या माणसाने ती हुंगली आणि न्यार्कोआसमोर धरली.

"काकू, ब्वातेंगकाकांच्या पोत्याला मी कधी सुरी लावली नाही. नुसता वास घ्यायचो. या कशावर वाळवल्या?"

न्यार्कोआ बीकडे बघत राहिली. उत्तर ओपोकूने दिलं. तिच्या नवऱ्याचा, ब्वातेंगचा, तो भाचा.

"पत्र्यावर. मामाच्या मयताला माणसं जमली, बसायला चटया पुरेनात. मग वाळवणाच्या घेतल्या."

"तापल्या पत्र्यावर साल दोन दिवसांत आवळतं. आंबटपणा आतच कोंडतो."

"मग चांगल्यात मिसळू की. कुणाला कळतंय?"

"मामा असता तर कान उपटले असते तुझे."

"त्याचेच कान चालत नव्हते, माझे कुठले उपटतोय!"

दोघं हसले, मग न्यार्कोआच्या सुतकाच्या काळ्या वस्त्राकडे बघून त्यांनी हसू आवरलं.

"परत चटईवर घाला," अड्डाई म्हणाला. "थर जाड ठेवा, दुपारी झाका. हळू वाळू द्या. पहिली चव नाही यायची, पण पोतं घेईन मी."

ओपोकूने पोतं खांद्यावर घेतलं. त्यांच्या रीतीप्रमाणे मामाची बाग आता भाच्याची, म्हणजे त्याची होती. ब्वातेंगने स्वतः तोडलेल्या फळांचं हे शेवटचं पोतं गेलं, की मामी आपल्या भावाच्या गावी जाणार होती.

घरी तिने बिया पसरल्या. तासातासाने त्यांच्यातून हात फिरवला. दुपारी केळीची पानं झाकली, ऊन उतरल्यावर काढली. कुणी जेवायला वाढलं तर ती जेवली. मयताच्या दिवशीही ती अशीच होती. रडली नाही, म्हणून बायकांनी एकमेकींकडे पाहिलं होतं. आपलं काय झालंय हे तिलाही कळत नव्हतं. बिया तेवढ्या हाताला लागत होत्या.

पाचव्या दिवशी, ऊन कलल्यावर, तिने मूठ भरली. शेवटची काही वर्षं ब्वातेंग अशीच मूठ भरून तिच्या कानाशी धरायचा आणि आवळायचा. वाळलेल्या बिया कुरकुरतात; ते त्याला स्वतःला ऐकू येत नसे.

"बोलतात का गं?" तो विचारायचा.

मग ती मान हलवायची.

तिने मूठ कानाशी नेली आणि आवळली. बिया कुरकुरल्या. स्वच्छ, कोरडा आवाज.

ओपोकू शेजारी येऊन उभा राहिला.

"मामी, वाळल्या का? गाडीवाल्याला उद्याचं सांगू?"

तिने पुन्हा मूठ आवळली. बिया पुन्हा कुरकुरल्या. आणखी वाळल्या तर भुगा होईल, हे तिला ठाऊक होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजून ओल्या आहेत."

ओपोकू दोन हातांवर होता; ती कुरकुर त्यालाही ऐकू गेली होती. त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं. ती अजून कानाशीच होती.

"बरं," तो म्हणाला. "नको म्हणून कळवतो त्याला."

मग चटईच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने रात्रीसाठी बियांवर पानं ओढायला तिला मदत केली.