कात्रीला धार नाही

दत्तोबाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याच दिवसापासून त्याला हातातल्या वस्तऱ्याची लाज वाटू लागली.

१९५६ सालचा जून महिना होता. निघोज्याच्या न्हाव्याच्या घरातून मॅट्रिक झालेला हा पहिलाच मुलगा. शाळेसाठी तो चिंचवडला चिमाजीमामांकडे राहत होता. मामा पूर्वी पलटणीत न्हावी होते; आता त्यांचं स्टेशनजवळ छोटंसं केस कापण्याचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक बाक आणि कडेला पारा उडालेला आरसा. रोज सकाळी दोन तास आणि रविवारी दिवसभर दत्तोबा दुसऱ्या खुर्चीमागे उभा राही. हात इतका हलका, की दाढी करता करता गिऱ्हाईक घोरू लागे.

"मामा, आता हे काम सोडावं म्हणतो," तो एके दिवशी म्हणाला. "कॉलेजात जाणाऱ्याला शोभत न्हाई."

मामांचा चेहरा उतरला. मामी रुक्मिणीबाई चुलीपाशी होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "शोभाया काय ते लुगडं हाय? दिवाळीपतुर कर, मंग ठरीव."

दत्तोबाने काम चालू ठेवलं, पण चोरून. कॉलेजात कुणी विचारलं तर सांगे, "चिंचवडला एका हापिसात लिहिण्याचं काम करतो." बोटांना येणारा साबणाचा वास जावा म्हणून गाडीत बसण्याआधी तो हात पुन्हा पुन्हा धुई.

त्याच्या शेजारी भिमाजी नावाचा मुलगा बसे. तो चाकणजवळच्या महाळुंग्याचा, पण पिंपरीत चुलत्याकडे राहायचा. हुशार आणि मोकळा. वर्गात कुणीही विचारलं तरी तो खणखणीत आवाजात सांगे, "संध्याकाळी औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुतो." दत्तोबाला त्याचं कौतुक वाटे आणि थोडा रागही येई. इतकं खरं सांगत सुटायची गरजच काय!

तरी दोघांची मैत्री जमली. दत्तोबाचं इंग्रजी कच्चं होतं. भिमाजी त्याला रोज मधल्या सुट्टीत एकेक उतारा समजावून देई, दोनदा विचारलं तरी न कंटाळता.

जुलैतल्या एका रविवारी दुकान गच्च भरलं होतं. बाकावर निघोज्याचे उद्धवराव बसले होते. गावात वजनदार असामी. बाजाराला आले की दाढी इथेच करत. इतक्यात दारातून भिमाजी आत आला. सोमवारी शिष्यवृत्तीसाठी त्याला प्राचार्यांपुढे उभं राहायचं होतं, म्हणून केस कापायला आला होता.

"अरे, दत्तोबा! तू इथं?" तो आनंदाने ओरडला. "वा! मग आज नंबर तुझ्याकडेच."

आपलं बिंग फुटलं म्हणून दत्तोबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण खरी परीक्षा पुढेच होती. उद्धवरावांनी पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कुनाचा रं तू? गाव कंचं?"

"महाळुंग्याचा. घर महारवाड्यात," भिमाजीने नेहमीच्याच आवाजात सांगितलं.

मामांची कात्री मध्येच थांबली. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा होऊन वर्ष उलटलं होतं. तो दिल्लीत झाला होता. चिंचवडच्या त्या बाकापर्यंत अजून पोचला नव्हता. उद्धवरावांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, म्हणजे उठायची तयारी. मामांनी घाबरून भाच्याकडे पाहिलं.

आणि दत्तोबा म्हणाला, "कात्रीला धार न्हाई. धार लावायला द्यायचीय. आज जमायचं न्हाई."

भिमाजीने खाली पाहिलं. फरशीवर नुकत्याच कापलेल्या केसांचा ढीग पडला होता. त्याने तो पाहिला, मग दत्तोबाकडे पाहिलं.

"बरं. उद्या भेटू," एवढंच म्हणून तो गेला.

सोमवारी भिमाजी वर्गात आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस कुठे खोल कापलेले होते, कुठे तसेच राहिले होते. मुलं फिदीफिदी हसू लागली. "कुठल्या कलाकाराकडे गेला होतास?" एकाने विचारलं.

दत्तोबाने मान वहीत खुपसली. आता हा सगळं सांगणार! आपलं हापीस, आपली कात्री, सगळं!

"मीच कापले, आरसा धरून," भिमाजी म्हणाला आणि वही उघडून बसला.

त्याने दत्तोबाचं नाव घेतलं नाही. मधल्या सुट्टीत उताराही समजावून दिला. त्यातला एक शब्द दत्तोबाच्या डोक्यात शिरला नाही. भिमाजीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

घरी येताच त्याने दप्तर टाकलं. "मामी, मी काम सोडलं. आजपासनं दुकानात पाय ठेवणार न्हाई. मला लाज वाटती!"

"कशाची?" मामींनी विचारलं.

मग त्याने सारं सांगितलं, मान खाली घालून. मामा उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

मामींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "पोरा, दुकानातलं क्यास रोज मी झाडती. ईस वरसं झाली. त्या ढिगातला पाटलाचा क्यास कंचा आन् हमालाचा कंचा, मला कदी कळलं न्हाई. तुला कळतोय व्हय?"

"न्हाई."

"मंग लाज वस्तऱ्याची न्हाई, तुज्या जिभंची हाय. आन् काम सोडून ती जाणार कशी? तू खुर्ची सोडशील, पर खुर्ची तिथंच ऱ्हाणार. तुज्या जागी दुसरं पोरगं उबं ऱ्हाईल आन् भिमाजीच्या भावाला त्येच सांगंल. तू मातूर कॉलेजात इस्त्रीची कापडं घालून बसशील."

"पन गिऱ्हाईक तुटलं तर?" मामा हळूच म्हणाले.

मामी त्यांच्याकडे वळल्या. "पलटणीत व्हता तवा कुनाची डोकी केली?"

"समद्यांची," मामा म्हणाले. "कदी इचारलं न्हाई. गावाकडं आलो आन्... खरं हाय तुजं. लाज मलाबी वाटाया पायजे."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी दत्तोबा सगळ्यांदेखत भिमाजीपुढे उभा राहिला.

"मी हापिसात काम करत नाही. चिंचवडला मामाच्या दुकानात न्हाव्याचं काम करतो. रविवारी हा माझ्याकडे आला होता. कात्रीला धार होती. मी खोटं बोललो, हा महारवाड्यातला म्हणून."

वर्गात कुणी हसलं नाही.

"ठाऊक होतं मला," भिमाजी म्हणाला.

"या रविवारी येशील?"

"तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून? नाही." भिमाजीचा आवाज प्रथमच कडक झाला. "केस वाढतील तेव्हा बघीन. पण माझे चुलते आबाजी साठीला आलेत, त्यांना हात थरथरत असल्यामुळे दाढी जमत नाही. ते आले तर? तेव्हाही बाकावर कुणीतरी बसलेलं असेल."

"येऊ देत," दत्तोबा म्हणाला.

रविवारी आबाजी आले आणि सवयीने पायरीखालीच थांबले. "हितं... चालंल का?"

आत मामांच्या खुर्चीत नेमके उद्धवराव होते. अर्ध्या गालाला फेस, अर्धा साफ. "चिमाजी," ते गरजले, "त्यो आत आला तर मी उठलो!"

उद्धवराव उठले तर त्यांच्यामागून गावाकडची गिऱ्हाइकंही तुटणार होती. मामांच्या भाकरीचा प्रश्न होता. पण त्याने फडक्याने खुर्ची झटकली, पायरी उतरून खाली गेला आणि आबाजींचा हात धरला. "चला बाबा. तुमचाच नंबर हाय."

"चिमाजी!" उद्धवराव पुन्हा गरजले.

"उठायचं तर उठा रावसाहेब," मामा शांतपणे म्हणाले. "पर अर्ध्या दाढीनं बाजारात जाल, त्येवढं बघा."

बाकावरचे दोघे उठून गेले. उद्धवराव मात्र धुमसत का होईना, दाढी पुरी होईपर्यंत बसले आणि मग दारापाशी थुंकून गेले. पुढे कित्येक महिने ते फिरकले नाहीत. दुकान ओढगस्तीला आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कारखान्याचे कामगार हळूहळू येऊ लागले तेव्हा कुठे ते सावरलं.

त्या दिवशी आबाजी डोळे मिटून बसले होते. दत्तोबाने त्यांची हनुवटी अलगद वर उचलली, तेव्हा मिटल्या डोळ्यांतून पाणी फेसात ओघळलं.

"लागलं का बाबा?"

"न्हाई लेकरा. न्हाव्यानं हनवटी धरली, ती आज पयल्यांदा."

दत्तोबाने तोंड वळवून वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासला, बराच वेळ. हा हलका हात गावात किती हनुवट्यांपर्यंत पोचलाच नव्हता!

वाचकहो, दत्तोबाने कॉलेजही केलं आणि कामही ठेवलं, चारही वर्षं, कुणी विचारलं की स्पष्ट सांगून. कष्टाची लाज बाळगणं हा खुळेपणा आहे. माणसाला दारातून परतवल्याची लाज मात्र वाटलीच पाहिजे. आणि ती वाटली तर तोंड लपवून दुसरीकडे पळू नका. ज्या दारातून माणूस परत गेला, त्याच दारात उभे राहा आणि त्याला हाताला धरून आत आणा.