पाचवा ‘का?’

बुद्धरत्नला जगात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे ‘बंद करून चालू कर’.

निघोज्याजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. तिथं पत्रा दाबायचा प्रेस अडकला की रीसेटची किल्ली फिरवायची आणि पुढं चालायचं, ही पहिल्यापासूनची रीत. बुद्धरत्ननं ती मोडली. किल्ली पॅनलवरून काढून स्वतःच्या खिशात घातली आणि नियम केला: मशीन थांबलं की आधी कारणांचं कोरं शीट घ्यायचं, ‘का थांबलं?’ असं एकामागून एक पाच वेळा विचारायचं, पाचही उत्तरं लिहायची, मग किल्ली मिळेल. पाचवं उत्तर ‘ऑपरेटरला प्रशिक्षण नाही’ असं निघालं, तर त्या ऑपरेटरनं गुरुवारची सुट्टी सोडून वर्गाला बसायचं. आणि पाचवं उत्तर बहुधा तेच निघायचं. कंपनीचा दोष लिहिला की दहा प्रश्न, स्वतःचा लिहिला की लगेच किल्ली, हे लाईनवरच्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. बुद्धरत्नला मात्र वाटे, आपण दर वेळी मुळाशी पोचतो.

अशात मेंटेनन्स इन-चार्जची जागा रिकामी झाली. प्लँट हेड नाईकनवरे साहेबांनी सांगितलं, गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर येतायत, त्यांच्यापुढं तुमची ‘रीसेटमुक्त लाईन’ नीट सादर करा, जागा तुमची. काळेवाडीत बुद्धरत्नचे वडील धोंडीबा यांना एवढं पुरेसं होतं. पिंपरीत लेथवर उभं राहून सगळी नोकरी काढलेल्या त्या माणसानं गल्लीत मुलाला इन-चार्ज करूनही टाकलं. आता जागा हुकली असती तर बाप-लेक दोघांनाही दूध आणायला मागच्या गल्लीनं जावं लागलं असतं.

भरीस भर म्हणून बुद्धरत्ननं एक फुशारकी मारून ठेवली होती. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती, आणि आपला लॅपटॉप महिनोन्‌महिने रीस्टार्ट मागत नाही, असं तो साहेबांना बोलून गेला होता. किती दिवस सलग चालू आहे त्याची मोजणीच पडद्यावर दिसते, म्हणाला. साहेब खूश. सादरीकरणाच्या शेवटी तेच दाखवा, म्हणाले.

आणि नेमका नव्या अपडेटनंतर लॅपटॉपला रोग जडला. झाकण लावलं की तो गुमान झोपायचा. उघडलं की पडदा उजळायचा, पण माउसचा बाण जागचा हलत नसे आणि कीबोर्डला वाचा नसे. बटण दाबून धरून बंद करण्यावाचून इलाज नाही, आणि तसं केलं की मोजणी शून्यावर.

बुद्धरत्न मूळ कारण शोधायला बसला. यंत्र आपल्या कामाची नोंद ठेवतं, ती त्यानं उघडली. शेवटची ओळ ‘झोपायला चाललो’ अशा अर्थाची, पुढं कोरं. साक्षीदारच बेशुद्ध, तर जबाब कोण देणार? इंटरनेटवर एकानं ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर खापर फोडलं. दुसऱ्यानं सांगितलं, गाढ झोपेऐवजी हलकी झोप लावा. त्यानं दोन्ही केलं, आणि लॅपटॉप दोनदा उठून तिसऱ्यांदा अडकला. झाकण लावलं तरी झोपू नकोस, अशीही सेटिंग होती. ती लॅपटॉपनं चार्जर लावलेला असताना पाळली, बॅटरीवर धाब्यावर बसवली.

बायको मिनल शाळेत शिकवायची. ती म्हणाली, अपडेटच्या आधीचं नीट चालत होतं ना, मग तेच परत घाल. बुद्धरत्न म्हणाला, ती माघार झाली, उपाय नव्हे. मग ती म्हणाली, निदान त्या दिवशी बंद करून ने आणि तिथं चालू कर. त्यावर तो जेवण होईपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

शेवटी त्यानं ठरवलं, ऑडिटपर्यंत लॅपटॉपला झोपूच द्यायचं नाही. मोजणी पुन्हा वाढू लागली. ऑडिटच्या सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो उघडा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, एक हात झाकणामागं, तान्ह्या बाळाची मान धरावी तसा. चाकणच्या खड्ड्यांतून बस उडत होती आणि लोक विचारत होते, राव, एवढं काय बघताय त्यात? तो हसत होता, पण झाकण सोडत नव्हता.

गेटवर वॉचमन सोनबा होता. कामाला चोख माणूस. लॅपटॉप आत न्यायचा तर वरून तारखेचं स्टिकर लागतं, आणि वाकड्या स्टिकरचा त्याला मनस्वी राग. बुद्धरत्न सही करायला वळला तेवढ्यात सोनबानं झाकण अलगद मिटलं, स्टिकर तळव्यानं दाबून सपाट केलं आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप परत दिला. नीट बंद करून दिलाय, सर, म्हणाला.

हॉलमध्ये झाकण उघडलं. पडदा उजळला, बाण मधोमध उभा राहिला, आणि तिथंच राहिला.

ऑडिटर चहा ढवळत होते. नाईकनवरे साहेब म्हणाले, रीस्टार्ट करा, आम्ही थांबतो. तेव्हा प्रॉडक्शनचा गणराज उठला. किल्लीपायी त्याच्या लाईनी कितीदा उभ्या राहिल्या होत्या. त्यानं फाइलमधून एक कोरं शीट काढलं आणि अदबीनं बुद्धरत्नपुढं केलं.

“साहेब, नियम सगळ्यांना सारखाच ना?”

बुद्धरत्ननं शीट घेतलं. टेबलावर कपबश्या होत्या, म्हणून भिंतीला टेकवून लिहू लागला. लॅपटॉप का अडकला? झोपेतून उठला नाही. का उठला नाही? नवं अपडेट. जुनं परत का घातलं नाही? माघार नको वाटली. का नको वाटली? बायको म्हणाली म्हणून, हे खरं उत्तर होतं, पण ते लिहवेना. ‘निर्णय चुकला’ असं लिहिलं. सगळा हॉल पाठीमागून बघत होता. प्रेसवर शीट ठेवून, तेलकट हातमोजा काखेत धरून लिहिणारी ऑपरेटर कस्तुराताई त्याला आठवली. तिच्या पाठीमागं अशीच अख्खी लाईन उभी असायची, आणि पुढं किल्ली घेऊन तो. त्याला लाज वाटली. पाचव्या ओळीवर हातानं सवयीनं लिहिलं, ‘ऑपरेटरला प्रशिक्षण नाही’, आणि खाली सही केली.

ऑडिटरांतल्या एक बाई शीट वाचून उभ्याच राहिल्या. गिऱ्हाइकासमोर स्वतःवर नियम लावून दाखवायचा, असं प्रात्यक्षिक आपण कुठंच पाहिलं नाही, म्हणाल्या. टाळ्या पडल्या. हे ठरवून केलेलं नाही असं बुद्धरत्न सांगणार होता, पण साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. सादरीकरण कुणी मागितलंच नाही. लॅपटॉप शेवटपर्यंत तसाच तटस्थ उभा होता.

जागा मिळाली. धोंडीबांनी पेढे वाटले. फक्त जाता जाता साहेब म्हणाले, पाचव्या उत्तराप्रमाणं गुरुवारी वर्गाला बसून टाका, फाइलला लागतं.

गुरुवारी नवा इन-चार्ज वर्गात गेला तर पंख्याखाली कस्तुराताई बसली होती. निघोज्याचीच, लाईनवरची सगळ्यांत जुनी बाई, आणि त्याच्याच शीटवरून कितव्यांदा तरी इथं आलेली. तिनं सरकून त्याला जागा दिली.

“सर, तुमचा पाचवा ‘का’ काय निघाला?”

“तुमचा निघाला तोच, ताई. प्रशिक्षण नाही.”

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

“मग त्यो खोटा हाय. माझाबी खोटाच हुता. सेन्सरवर तेल गळतंय वरनं म्हणून प्रेस अडकतोय, पर ते लिहिलं तर तुमी किल्ली देत न्हाई.”

शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर कॉम्प्युटर काढला होता. त्यांनी विचारलं, हा अडकला तर काय करायचं? सगळा वर्ग इन-चार्ज साहेबांकडं बघू लागला.

“बंद करून चालू करायचा,” बुद्धरत्न म्हणाला, आणि खिशातली किल्ली काढून त्यानं बाकावर कस्तुराताईसमोर ठेवली.