ब्लेडकाकांची रेघ

“तीन आहे की आठ?” ब्लेडकाकांनी हळूच विचारलं.

“आठ. आठशे,” शेजारच्या टेबलावरची, नकाशे गिरवणारी ट्रेसरबाई पुटपुटली. “आणि जरा स्क्रीनकडे बघून टाइप करा हो, साहेब येतायत.”

काकांनी काळ्या स्क्रीनकडे तोंड केलं, आकडा ठोकला, एंटर दाबलं. स्क्रीनवरच्या नकाशात भिंत सरळसोट उभी राहिली. त्यांना ती दिसली नाही. दोन वर्षांपासून नजरेच्या मधोमध धुक्याचा गोळा बसला होता. पण ती कुठे उभी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नकाशे हातानं काढायच्या शाईच्या जमान्यात चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. नावही त्यातूनच पडलं. इंजिनिअरनं एक भिंत वीतभर सरकवली की अख्खा नकाशा नव्यानं काढायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, काका मात्र त्याच्या प्रेमातच पडले. आकडे टाइप केले की रेघ तयार, चुकली तर एका बटणात गायब, एक मजला काढला की वरचे चार आयते. पुढे डोळे गेले, तरी बोटांना सगळ्या आज्ञा पाठ होत्या. ट्रेसरबाई आकडे वाचून द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! निवृत्तीला तीन वर्षं होती आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

“काका, इकडे या,” साहेबांनी नव्या मशीनपाशी बोलावलं. “आजपासून हा प्रोग्राम. टाइप करायची कटकटच नाही, चित्रावर नुसतं क्लिक करायचं. हा जिना डावीकडे घ्या बघू.”

काकांनी माऊस धरला. स्क्रीनवरचा बाण कुठेच सापडेना.

“त्यांना माऊसची सवय नाही, साहेब,” ट्रेसरबाई घाईनं म्हणाली.

“होईल की सवय.”

“साहेब, जुनं मशीन तेवढं राहू द्या,” काका म्हणाले. “तीनच वर्षं. पाया पडतो तुमच्या.”

“अहो, पण का?”

काकांचा धीर सुटला. “मला बाण दिसत नाही. काहीच नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षांत काकांच्या टेबलावरून एकोणीस इमारतींचे नकाशे बाहेर पडले होते.

साहेबांनी ते सगळे कपाटातून बाहेर काढायला लावले. संध्याकाळपर्यंत साहेब पट्टी लावून मापं तपासत होते आणि काका स्टुलावर बसून, विचारण्याआधीच, माप सांगत होते. शाळेचा जिना, दवाखान्याचा उतार. एकही चूक निघाली नाही. काकांना वेडी आशा वाटू लागली.

“काम चोख आहे, काका,” साहेब कसंबसं म्हणाले. “पण उद्या एक आकडा चुकला आणि कुणाच्या डोक्यावर छत आलं, तर?”

हाच प्रश्न काकांना दोन वर्षं झोपू देत नव्हता.

साहेबांनी राजीनाम्याचा कागद टाइप करून आणला. काकांनी पेन घेतलं, कागदावरून हात फिरवला.

“सही कुठं करू?”

ट्रेसरबाईनं त्या जागेवर बोट टेकवलं. काकांनी ते चाचपलं आणि त्याला लागून, एका दमात, सही केली.