पॅकार्डचा रेडिएटर

अर्जुनराव पाटोद्याचे जुने बागायतदार. वडिलांनी एका जहागीरदाराकडून घेतलेली पॅकार्ड गाडी त्यांनी पोटच्या लेकरासारखी जपली होती. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. रेडिएटर गळायला लागला, म्हणून त्यांनी वाहेद मिस्त्रीला घरी बोलावलं.

वाहेदने पाणी सोडलं, पाइप काढले, बोल्ट ढिले केले आणि रेडिएटर उचलून अंगणात ठेवला. अर्जुनराव बघतच राहिले. वरची पितळी टाकी पॅकार्डची होती, पण खालची सगळी जाळी ट्रॅक्टरची होती.

"हे कुणी केलं रे, वाहेद?"

"मीच, दादा. तीस वर्षं झाली. बैलगाडीची दांडी घुसून जाळी फुटलती."

"माझ्या हातून तर असं कधी झालं न्हाई!"

वाहेदने मान खाली घातली. अर्जुनरावांच्या पत्नी विजयमालाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, त्याच बोलल्या, "माझ्या हातून झालतं. तुमी प्रचाराला बाहेर गेलात की मी गाडी मांजरसुंब्यापर्यंत न्यायची."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. बायकोला सायकलसुद्धा येत नाही, असं अर्जुनराव चारचौघांत हसून सांगत आले होते.

"एकटी?"

"एकटीच. लई बरं वाटायचं."

अर्जुनराव म्हणाले, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी चावी काढून घेतली असती."