टेकडीच्या पायथ्याशी थांबलेली माणसं

कारभारी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, शिवी नाही. जालन्यातल्या लोखंडाच्या मिलमध्ये बारा-बारा तास भट्टीपुढं उभा राहणारा गडी. पण एकदा डोक्यात काही शिरलं की ते कुणाच्या बापाच्यानं निघायचं नाही.

त्याची तृप्ती नवव्या वर्षी शुगरनं आजारी पडली, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. त्याला चार वर्षं झाली. एका रविवारी वस्तीतल्या प्रार्थनाघरात बायबलातली अब्राहामाची गोष्ट झाली. देवानं म्हाताऱ्याकडं लेक मागितला आणि म्हाताऱ्यानं इसहाकाला लाकडांवर बांधून सुरा उचलला, ती. गोष्ट शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी ती कारभारीच्या काळजात घुसली. घरी येऊन त्यानं कपडेही बदलले नाहीत. इन्सुलिन गार राहावं म्हणून ओली वाळू भरलेल्या मातीच्या डेऱ्यात ठेवलेलं असायचं. त्यानं डेऱ्यात हात घालून बाटल्या काढल्या आणि नालीत फोडल्या.

"तृप्ती आता देवाची," तो म्हणाला. "सुई बंद. बिलकुल बंद. त्यानं इसहाक वाचवला, हिला बी वाचवंल."

त्याची बायको बेबीनंदा भांडली, रडली, पाया पडली. दगडाला पाझर फुटला असता, कारभारीला नाही. मग दुसऱ्या दिवशी ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली, नव्या बाटल्या आणल्या आणि मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या ढिगामागं दुसरा डेरा पुरला. गोवऱ्यांना कारभारीनं जन्मात हात लावला नव्हता, तेव्हा तिकडची धास्ती नव्हती. तो ड्यूटीवर गेला की एक सुई, तो आंघोळीला बसला की दुसरी. लेकीला तिनं बजावलं, "पप्पांसमोर हूं का चूं करायचं न्हाई."

दीड महिना गेला. पोरगी टवटवीत. ती राहणारच की! पण कारभारीनं रविवारी प्रार्थनाघरात सगळ्यांपुढं उभं राहून साक्ष दिली. सुई सोडली, देवाला धरलं, पोरगी बरी झाली. सांगता सांगता त्याला हुंदका आला. माणसं रडली, बायांनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवले. बेबीनंदा पदर पुढं ओढून बसली होती. भीती तर होतीच. पण आपल्या लेकीचं एवढं कौतुक चाललंय, याचं आत कुठंतरी बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याला तिनं पुढं किती शिव्या दिल्या असतील, त्याला मोजमाप नाही.

त्या दिवशी मागच्या सतरंजीवर द्वारकाबाई बसली होती. बियाण्याच्या कंपनीत ती आणि बेबीनंदा शेजारी बसून बी निवडायच्या. द्वारकाबाई हिंदू, नवरा वारलेला, एकुलती एक लेक यशश्री, अकरा वर्षांची. तिलाही हाच आजार. सुई कशी टोचायची, हे द्वारकाबाईला बेबीनंदानंच शिकवलं होतं. तृप्ती सुईवाचून बरी झाली असं कानावर आलं म्हणून बिचारी साक्ष ऐकायला आली होती.

घरी जाताना तिनं बेबीनंदाचा हात धरला. "नंदा, खरंच सुई बंद केली का गं तुम्ही?"

कारभारी दोन पावलं पुढं चालत होता.

"हो," बेबीनंदा म्हणाली.

उद्या कंपनीत हिला खरं काय ते सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आलीच नाही. लेकीला घेऊन परतूरजवळच्या माहेरी गेली होती. घरात फोन एकच, तो कारभारीच्या खिशात. आज मागू, उद्या मागू करता करता पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी कंपनीत बातमी आली. यशश्री गेली. जालन्याला आणता आणता जीपमध्येच गेली.

बेबीनंदा घरी आली तेव्हा कारभारीच्या कानावर सगळं आलं होतं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, नाही असं नाही. पण तोंडानं म्हणाला, "द्वारकाबाईचा विश्वास कमी पडला."

झालं! बेबीनंदा मागं गेली, दोन्ही हातांनी डेरा उपसला आणि त्याच्यापुढं आणून आदळला. वाळू, बाटल्या, सुया, सगळं फरशीवर पसरलं.

"हा बघा तुमचा विश्वास! रोज दोनदा टोचून राह्यले मी तिला. एक दिवस चुकला न्हाई."

बेबीनंदा सातवी शिकलेली. दीड महिना ती बोट ठेवून ठेवून बायबलातलं ते पान वाचत होती, ते आता सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"तुम्ही अर्धीच गोष्ट ऐकून आल्ते. देव अब्राहामाशी दोनदा बोलला. आधी म्हणला, दे. मंग म्हणला, हात थांबव. दुसरं बी ऐकलं म्हणून लेक वाचला. सुरा उचलल्यावर ते ऐकायला लई विश्वास लागतो, नुसत्या हट्टानं ऐकू येत न्हाई! अन् साराला, इसहाकाच्या आईला, कुणी विचारलं? ती पुढच्याच पानावर मरती." तिला दम लागला. मग आवाज एकदम खाली आला. "अन् अब्राहामासंगं दोन गडी होते. टेकडीखाली गाढवापाशी थांबा म्हणला त्यांना. वर काय झालं ते त्यांनी कुठं बघितलं? वरून आलेला माणूस सांगल तेच खरं. द्वारकाबाई खाली थांबल्या होत्या हो. अन् वरून मी आले, अन् हो म्हणले."

कारभारी फरशीवर बसला. म्हणाला, "कुणाला सांगू नको. माणसांचा विश्वास मोडंल."

"मोडू द्या," ती म्हणाली.

सकाळी तिनं त्याच्यासमोरच तृप्तीला सुई दिली. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं, अडवलं मात्र नाही. मग ती परतूरची गाडी धरून, पुढं टेम्पोनं द्वारकाबाईच्या माहेरी पोचली.

द्वारकाबाई भिंतीला टेकून बसली होती. हिला बघून म्हणाली, "मी मनात थोडं भ्याले होते गं. तेवढंच देवाला खटकलं असंल."

"तुमचं काही चुकलं न्हाई," बेबीनंदा म्हणाली, आणि डेऱ्यापासून 'हो'पर्यंत काही न लपवता सांगितलं. पाय धरायला वाकली, तर द्वारकाबाईनं पाय ओढून घेतले.

ती ओरडली नाही की छाती बडवली नाही. जमिनीकडं बघत म्हणाली, "तिसऱ्या दिवशी यशू सुई मागत होती. लई तहान लागली म्हणायची. सुई घरातच होती. मी म्हणलं, तृप्तीताई घेती का? मंग तू कशाला मागती?"



द्वारकाबाई उठली, आत गेली, दोन भरलेल्या बाटल्या घेऊन आली आणि तिच्यापुढं ठेवल्या.

"ने. तुझीला लागतील. अन् पुन्हा मला तोंड दाखवू नको."

बेबीनंदानं बाटल्या उचलून पदरात बांधल्या. न बांधून करते काय? संध्याकाळची सुई द्यायची होती.