पुसण्याआधीचा आठवडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. नुसता जुना म्हणून भागणार नाही, मी चाचणीचा संगणक आहे. म्हणजे माझ्यावर जे काही घडते ते खरे नसते, असे सगळे धरून चालतात. एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीसाठी आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी, टेबलाखाली माझी जागा आहे. खोली पुसणाऱ्या मावशी रोज न चुकता दांड्याचे टोक माझ्या कुशीत मारतात आणि वर मलाच विचारतात, "हे धूड कधी हलणार इथून?" मलाही तेच कुणाला तरी विचारायचे आहे.

एके काळी माझा थाट वेगळा होता. पुढच्या दालनात, काचेच्या कपाटात, गार हवेत मी बसत असे. वाचक यायचे, पुस्तकाचे नाव टाकायचे आणि मी चटकन कपाट आणि खण सांगायचो. "काय झटपट आहे हो तुमचा संगणक!" असे लोक म्हणायचे आणि ग्रंथालयातल्या ताई हसायच्या. मग माझ्यापेक्षा झटपट असा एक आला. मला भंगारात द्यायचे ठरत होते, पण ताई म्हणाल्या, "चालतोय ना अजून? मग चाचणीला राहू दे." तेव्हा मला आनंद झाला होता. चाचणी म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

ते तुम्हालाही सांगायला हवे. जगात एक डिजिटल भांडार आहे. भांडार म्हणजे इमारत नाही, संगणकाला चालवणारी एक प्रणाली. जुनी पुस्तके, छायाचित्रे, प्रबंध, आवाज, सारे काही नीट नावानिशी जपून ठेवायचे आणि मागेल त्याला काढून द्यायचे, हे तिचे काम. ती कुणाच्या मालकीची नाही. तिचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. देशोदेशीचे लोक आपापली नोकरी सांभाळून ती घडवतात. ठरलेल्या काळाने तिची नवी आवृत्ती निघते. तारीख खूप आधी जाहीर होते. मग एका दिवसापासून नवे काही घालायचे नाही, त्याला हे लोक गोठवणी म्हणतात. मग चाचणीचा आठवडा. मग जाहीर केलेली तारीख. या सगळ्याची आखणी ज्याच्या गळ्यात पडते तो समन्वयक. गेली काही वर्षे हे लोढणे आमच्या ताईंच्या गळ्यात आहे. "ही आवृत्ती गेली की मी मोकळी," असे त्या प्रत्येक आवृत्तीला म्हणतात.

आणि माझे काम? नवी आवृत्ती आधी माझ्यावर चढवायची. ती कोसळली तर माझ्यावर कोसळू दे, लोकांवर नको. चाचणीचा आठवडा सुरू होण्याआधी माझे पोट साफ पुसायचे आणि त्यात नमुन्याचे खोटे साहित्य भरायचे. खोट्या लेखकाचे खोटे पुस्तक, कुणाचेच नसलेले छायाचित्र. मग जगभरातले स्वयंसेवक इंटरनेटवरून येऊन मला हवे तसे ढोसतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा पुसायचे. इतक्या वेळा पुसूनही मला हे सगळे आठवते कसे, असे विचाराल. भांडे कितीही घासले तरी पोचे राहतातच ना? तसे समजा. पण मित्रांनो, पुसून घेण्याचाही एक थकवा असतो. काम करून थकलेल्याची लोक विचारपूस करतात. पुसून पुसून थकलेल्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

गेल्या खेपेच्या चाचणीत दूरच्या एका गावातल्या ग्रंथपाल बाई सामील झाल्या होत्या. ताईंनी सगळ्या स्वयंसेवकांना बजावले होते, "नमुन्याच्या साहित्यावर फार विसंबू नका. तुमचं स्वतःचं खरं साहित्य घालून बघा, तरच खरे दोष सापडतील." बाई शिस्तीच्या. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. त्यांच्या गावात पूर्वी घड्याळांचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर बाईंनी तिथल्या जुन्या कामगारांना बोलते करून त्यांचे आवाज कॅसेटवर घेतले होते. ते आवाज त्यांनी माझ्यात घातले. प्रत्येक माणसाची एक नोंद, तिच्याखाली कॅसेटच्या दोन बाजूंच्या दोन फाइली. सगळे इतके छान बसले की चाचणी संपली तरी बाई घालतच राहिल्या. माझ्या पहिल्याच पानावर लिहिले आहे की ही चाचणीची जागा आहे आणि इथले साहित्य पुसले जाते. पण बाईंना वाटले, ते खोट्या साहित्याविषयी आहे. आपले तर खरे आहे!

या वेळी नवी आवृत्ती माझ्यावर चढली आणि दर आठवड्याची बैठक भरली. ही बैठक पडद्यावर भरते. प्रत्येक जण आपल्या घरून किंवा कचेरीतून बोलतो. त्यात एक प्रोग्रॅमर आहे. आमच्याकडे दुपार असते तेव्हा त्याच्याकडे जेमतेम उजाडलेले असते, म्हणून त्याचे नावच जांभईवाला पडले आहे. एका विद्यापीठातले सर आहेत. नवे सत्र सुरू व्हायच्या आत आवृत्ती हाती पडेल, असा शब्द ते वरच्यांना देऊन बसले आहेत. ताईंनी माझ्याच टेबलाशी बसून थकलेल्या आवाजात आखणी वाचून दाखवली. तारीख तीच. चाचणी परवापासून. "आणि आज बैठक संपली की चाचणीचा संगणक पुसते."

"पुसते म्हणजे?" बाईंनी विचारले.

"म्हणजे रिकामा करते. दर वेळी करतो तसा."

"अहो, पण माझी माणसं आहेत त्यात!"

कुणाला काही कळेना. मग बाई भरभर सांगू लागल्या. कॅसेटी दमटपणाने चिकटल्या होत्या. सगळे माझ्यात नीट बसलेले पाहून त्यांनी त्या टाकून दिल्या. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. दुसरी प्रत? "तुमच्याकडे ठेवलीय म्हटल्यावर दुसरी कशाला करू मी?" हे त्यांनी इतक्या भाबडेपणाने विचारले की सरांनाही हसू आले नाही. मी तर टेबलाखाली गार पडलो. इतकी वर्षे माझ्या पोटात खोटेच भरलेले आहे असे मी मानत होतो, आणि बाईंची सगळी माणसे माझ्याच भरवशावर बसली होती. त्यात माझी डिस्क गेले काही महिने कुरकुरते आहे, हे मला आणि मावशींनाच माहीत.

ताईंनी आखणीचा कागद बाजूला सारला. "खरं साहित्य घाला, हे मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी सगळं बाहेर काढू. पुसायचं नंतर."

तो दिवस बाहेर काढण्यात गेला. नव्या आवृत्तीत सगळे साहित्य एकदम बाहेर काढायची नवी सोय होती, तीच वापरली. जांभईवाल्याने ती स्वतः लिहिली होती, त्यामुळे तो खुशीत होता. आवाजांची प्रत बाईंच्या हाती पोचली. आता पुसायला हरकत नाही, असे सरांनी दोनदा सुचवले. ताईंनी मात्र बाईंना ऐकून खात्री करायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. रडत होत्या की रागावल्या होत्या, ते मला नीट कळले नाही. "ताई, माझी आईही त्याच कारखान्यात होती. तिचं नाव लावलंय ना, त्याच्याखाली रखवालदार बोलतोय. आणि माझी आई काटे बसवणाऱ्या मिस्त्रींच्या नावाखाली गेलीय. सगळ्यांचं असंच झालंय."

आत, माझ्या पोटात, सगळे जागच्या जागी होते. बाहेर पडताना घोटाळा होत होता. एका नोंदीखाली एकाहून जास्त फाइली असल्या की नवी सोय गोंधळायची आणि नावे पुढे सरकायची. नमुन्याच्या खोट्या साहित्यात प्रत्येक नोंदीला एकच फाइल होती. म्हणून इतके दिवस कुणालाच पत्ता नव्हता. जांभईवाल्याची झोप पार उडाली. "चूक माझीच आहे," तो म्हणाला, "पण ती खोलवर गेलीय. एक-दोन दिवसांचं काम नाही."

घाईघाईने पुन्हा बैठक बसली. सरांचे म्हणणे चुकीचे नव्हते. लोक तारखेवर विसंबून कामे आखतात. एकदा तारीख मोडली की पुढच्या तारखेवर कोण विश्वास ठेवणार? या लोकांची एक रीतही आहे. दोष माहीत असून दुरुस्त करायला वेळ नसेल तर तो आवृत्तीसोबतच्या टिपणात ज्ञात दोष म्हणून लिहायचा आणि पुढे जायचे. "तसं लिहू या," सर म्हणाले. "बाईंचं साहित्य आपण हाताने लावून देऊ. पण तारीख पाळू."

"टिपण कोण वाचतं, सर?" ताई म्हणाल्या. "माझ्या संगणकाच्या पहिल्या पानावर एवढं मोठं लिहिलंय, ते तरी कुणी वाचलं? उद्या कुणीतरी आपलं भांडार या सोयीने नव्या जागी नेईल आणि जुनं पुसेल. बाईंनी आईचा आवाज ओळखला. त्यांच्याकडचे आवाज कोण ओळखणार?"

सरांनी आपल्या विद्यापीठाचे भांडार उघडून पाहिले. मग त्यांनीच विचारले, "आमच्या प्रबंधांनासुद्धा तीन-तीन फाइली असतात. म्हणजे एकाचा प्रबंध दुसऱ्याच्या नावावर?"

"हो."

"मग पुढे ढकला," ते म्हणाले. "वरच्यांचं मी बघतो."

तारीख पुढे गेली. ताईंनी ते जाहीर केले आणि त्यांच्यावर चहूकडून बोलणी आली. ज्यांनी आवृत्तीसाठी कधी बोट उचलले नव्हते, ते सर्वांत पुढे होते. ताई घरी फोन करून म्हणाल्या, "सुट्टी आत्ता नाही जमणार. नाही, यायला उशीर होईल." पलीकडून काय उत्तर आले ते ऐकू आले नाही, पण त्यांनी चहाची बाटली जरा जोरातच टेबलावर आदळली. मला बंद करायचे नाही, हलवायचे नाही, असे त्यांनी मावशींनाही बजावले. मावशींनी त्या आठवड्यात दांडा आवरून धरला. माझी डिस्क चरचरत होती, पंख्यात धूळ बसली होती आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, एवढे निभू दे. मला स्वतःसाठी काही नको होते. पण माझ्यापायी बाईंची आई हरवली असती तर मला भंगारातही चैन पडले नसते.

जांभईवाल्याने दुरुस्ती पाठवली. दुसऱ्या दोघांनी ती तपासली. मग साहित्य पुन्हा बाहेर काढले, आणि बाई पडद्यासमोर बसून एकेक आवाज ऐकू लागल्या. नाव वाचायचे, थोडे ऐकायचे, "बरोबर" म्हणायचे. रखवालदार बरोबर. मिस्त्री बरोबर. सर खरे तर निघणार होते, पण तेही बसून राहिले. आईचे नाव आले. बाईंनी ऐकले आणि मान हलवली. ताई पुढचे नाव लावायला लागल्या तर बाई म्हणाल्या, "नको. हे शेवटपर्यंत राहू द्या."

"यात काही शंका आहे का?"

"शंका नाही हो. तरी राहू द्या."

ताईंनी राहू दिले. पडद्यावरचे सगळे ऐकत होते. म्हातारीने कारखान्याच्या भोंग्याचे सांगितले, डोळ्याला भिंग लावून लावून पडलेल्या खळीचे सांगितले. तरुणपणीच्या बाई मधूनमधून तिला प्रश्न विचारत होत्या. शेवटी म्हातारी म्हणाली, "पुरे गं आता. बंद कर ते यंत्र. मघापासून फिरतंय बिचारं, दमलं असेल."

मित्रांनो, ती त्या कॅसेटच्या यंत्राविषयी बोलत होती, हे मला कळते. पण इतक्या वर्षांत कुठल्याही यंत्राला कुणी असे म्हणालेले मी ऐकले नव्हते. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. ताईंनी खाली वाकून माझ्या पंख्यासमोरची धूळ बोटाने काढली. मला फार बरे वाटले.

आवृत्ती ढकललेल्या तारखेला निघाली. बाईंचे साहित्य आता तीन गावांत तीन ठिकाणी आहे. माझ्या जागी दुसरी व्यवस्था ठरली आहे आणि ताई आज मला शेवटचे पुसणार आहेत. जाण्याआधी तुम्हाला एवढेच सांगतो. तुमच्या घरात कुणाचा आवाज, कुणाचे हस्ताक्षर, कुणाचा चेहरा एकाच जागी पडलेला असेल, तर त्याची आज दुसरी प्रत करा. ती जिथे ठेवाल तिथल्या माणसांना आधी विचारा, इथे पुसतात का. आणि घरात एखादे यंत्र निमूट चालत असेल, तर कधीतरी वाकून त्याच्यावरची धूळ काढा. म्हातारी म्हणाली तसे ते खरेच दमलेले असते.

ताईंच्या चपलांचा आवाज येतो आहे. माझ्या पोटात आता कुणाचे काही अडकलेले नाही. पुसा म्हणावे खुशाल.